पाच हंगाम, सात प्रशिक्षक : एफसी पुणे सिटीचा इतिहास

माढा तालुक्यातील शालेय फुटबॉलसाठी निघणाऱ्या या स्मरणिकेत एखाद्या फुटबॉल संस्थेचा इतिहास असावा, असे ठरले तेव्हा कोलकात्याच्या मोहन बागानचे नाव पुढे येणे साहजिक होते. गोव्यातल्या जुन्या क्लबांचेही आले असते. आम्ही मुद्दाम एफसी पुणे सिटी निवडला. हा क्लब २०१४ मध्ये स्थापन झाला आणि २०१९ मध्ये बंद पडला. त्याच्या कपाटात इंडियन सुपर लीगचा एकही चषक नाही. तरीही मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्याने आणि संस्था चालवणाऱ्याने वाचावा असा हा इतिहास आहे. पैसा, मैदान, नावाजलेले खेळाडू, नामांकित प्रशिक्षक, मोठ्या शहराचा पाठिंबा, सगळे हाताशी असूनही संघाला स्वतःचा खेळ का सापडला नाही, याचे उत्तर त्यात आहे.

स्थापनेआधीचे पुणे

पुणे सिटीच्या आधी पुण्यात व्यावसायिक फुटबॉल नव्हता, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये पुणे एफसी हा क्लब सुरू केला. डेरिक परेरा या गोव्याच्या प्रशिक्षकाकडे २००९ ते २०१३ हा संघ होता. सलग चार हंगाम एकच माणूस सरावाला उभा होता आणि २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये पुणे एफसी दुसऱ्या क्रमांकावर आला. क्लबने मुलांसाठी अकादमीही काढली. या इतिहासात तिचा उल्लेख पुन्हा येणार आहे.

पण शहरातल्या संस्थांचे आयुष्य कमीच ठरले. पुणे एफसी २०१५ मध्ये बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एका हंगामातच आटोपला. डीएसके शिवाजियन्स २०१७ पर्यंत आय-लीगमध्ये टिकला. २०१५ ते २०१९ या काळात पुण्याच्या राष्ट्रीय पातळीवरच्या चार क्लबांनी गाशा गुंडाळला. पुणे सिटी त्यांतला शेवटचा, आणि सर्वांत जास्त गाजावाजा झालेला.

स्थापना

एप्रिल २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगच्या आठ शहरांसाठी बोली लागली. पुण्याचा संघ वाधवान समूहाला मिळाला. आधी अभिनेता सलमान खानचे नाव त्याच्याशी जोडले गेले होते. पुढे हृतिक रोशन सहमालक झाला आणि २०१७ मध्ये ती जागा अर्जुन कपूरने घेतली. इटलीतल्या फ्लोरेन्स शहराचा फिओरेन्तिना हा जुना क्लब सुरुवातीला भागीदार होता. घरचे मैदान बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल. हे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले आणि २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धा तिथेच झाल्या. नारिंगी आणि जांभळा हे संघाचे रंग. पाठीराखे स्वतःला ‘ऑरेंज आर्मी’ म्हणवत आणि ढोल-ताशे घेऊन येत.

एकूण काय, घर सजले होते. मात्र या संघाने कोणत्या पद्धतीने खेळायचे, हे ठरवण्याचे काम दरवर्षी नव्या पाहुण्यावर सोपवले गेले.

अडीच महिन्यांचा हंगाम

याचा सगळा दोष एका क्लबला देणे मात्र अन्यायाचे होईल. लीगची रचनाच तशी होती. पहिला हंगाम १२ ऑक्टोबर २०१४ ला सुरू झाला आणि २० डिसेंबरला संपला. पुढचे दोन हंगामही ऑक्टोबर ते डिसेंबर असेच चालले. बहुतेक परदेशी खेळाडूंचे करार एका हंगामापुरते असत. अनेक भारतीय खेळाडू आय-लीगच्या क्लबांकडून उसने आणलेले असत आणि जानेवारीत ते आपापल्या क्लबात परतत. अकरा जणांत सहा परदेशी खेळवता येत. म्हणजे डिसेंबरात संघ मोडायचा आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा मोट बांधायची. अशा वेळी ज्या क्लबाकडे ‘आपला खेळ असा असतो’ असे सांगणारे कुणी कायमचे माणूस असेल, तोच तग धरणार होता.

पहिले तीन हंगाम : इटली, इंग्लंड, स्पेन

पहिले प्रशिक्षक इटलीचे फ्रँको कोलोम्बा. बोलोन्या आणि पार्मा हे संघ सांभाळलेला अनुभवी माणूस. त्यांच्या हाती फ्रान्सचा दाविद त्रेझेगे होता. तो १९९८ च्या विश्वविजेत्या संघात होता आणि २००० च्या युरो अंतिम सामन्यातला निर्णायक गोल त्याचाच. ग्रीसचा कोस्तास कात्सुरानिस २००४ चा युरो विजेता. नावे वाचून छाती दडपावी असा हा ताफा होता. दुसऱ्याच सामन्यात, १८ ऑक्टोबर २०१४ ला, मुंबई सिटीने पुण्याला ५-० असे झोडपले. आंद्रे मोरित्झने त्या सामन्यात लीगच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक केली. पुणे पुढे सावरले, पण आठ संघांत सहावे राहिले. कोलोम्बा परतले.

२०१५ मध्ये इंग्लंडचे डेव्हिड प्लॅट आले. १९९० च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध जादा वेळेच्या शेवटच्या क्षणी गोल करणारा तो खेळाडू, पुढे मँचेस्टर सिटीत रॉबेर्तो मान्चिनींचा सहायक. त्रेझेगे गेला, रुमानियाचा आद्रियान मुतू आला. तुर्कस्तानचा तुन्जाय आणि आयव्हरी कोस्टचा दिदिए झोकोरा हेही आले. संघ जवळजवळ नवाच होता. हंगाम संपला तेव्हा पुणे सातव्या क्रमांकावर होते. प्लॅटही परतले.

२०१६ साठी क्लबने स्पेनचे आंतोनिओ लोपेझ हाबास यांना आणले. ते २०१४ मध्ये कोलकात्याला लीगचे पहिले विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक. जिंकणारा माणूस आणला की जिंकणे आपोआप येईल, असा सरळ हिशोब यामागे दिसतो. बचाव घट्ट ठेवायचा, चेंडू हिसकावला की झटकन पुढे धाव घ्यायची, ही हाबास यांची शिस्त. आधीच्या दोन हंगामांतल्या संघात तिची कोणतीच सवय नव्हती. शिवाय बंदीमुळे सुरुवातीचे सामने त्यांना खेळाडूंच्या बाकापासून दूर राहावे लागले. मोठे नाव म्हणून निवडलेला आइसलंडचा आयदूर गुडयॉनसन जायबंदी झाला आणि त्याच्या जागी मोहम्मद सिसोको आला. क्रमांक पुन्हा सहावा.

तीन वर्षांत तीन देशांचे फुटबॉल पुण्यात येऊन गेले. त्यांतले काहीही बालेवाडीत मुक्कामाला राहिले नाही.

२०१७-१८ : एकच चांगला हंगाम

या हंगामापासून लीग लांबली. १७ नोव्हेंबर २०१७ ते १७ मार्च २०१८ असे चार महिने खेळ झाला, संघ दहा झाले आणि मैदानावरच्या परदेशी खेळाडूंची मर्यादा पाचवर आली. भारतीय खेळाडूंचे वजन वाढले. क्लबाला संघ घडवायला प्रथमच पुरेसा वेळ मिळणार होता. पण हंगामाच्या तोंडावर हाबास गेले. खेळाडूंची निवड तोवर उरकली होती. तयार संघ हाती देऊन सर्बियाचे रान्को पोपोविच यांना बोलावण्यात आले. एफसी टोकियो, सेरेझो ओसाका आणि स्पेनचा रेआल सारागोसा सांभाळलेले पोपोविच चेंडू पायाशी ठेवून पुढे सरकणारा खेळ पसंत करत. हाबास यांच्या रीतीच्या हे जवळपास उलट.

यावेळी मात्र जुळून आले. ब्राझीलचा मार्सेलिन्यो आणि उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो ही पुढची जोडी एकमेकांना ओळखू लागली. २६ नोव्हेंबर २०१७ ला पुण्याने गतविजेत्या कोलकात्याला त्यांच्याच सॉल्ट लेक मैदानावर ४-१ असे हरवले. गोलमध्ये हिमाचलचा विशाल कैथ, मध्ये गोव्याचा आदिल खान आणि कडेने धावणारा केरळचा आशिक कुरुनियन. आशिक पुणे एफसीच्या अकादमीत वाढलेला. जुना क्लब बंद झाल्यावर ती अकादमी पुणे सिटीने घेतली होती. पाच वर्षांत ज्या एका गोष्टीत सातत्य राहिले ती ही अकादमी, आणि ती मुळात दुसऱ्याच संस्थेने लावलेली होती.

पुणे ३० गुणांसह चौथे आले आणि प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचले. प्रतिस्पर्धी बेंगळुरू एफसी. ७ मार्च २०१८ ला बालेवाडीतला पहिला सामना ०-० सुटला. ११ मार्चला बेंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर पंधराव्या मिनिटाला सुनील छेत्रीने गोल केला. पासष्टाव्या मिनिटाला पेनल्टीवर त्याचाच दुसरा. ८२ व्या मिनिटाला जोनातन लुकाने फ्री किकवर चेंडू जाळ्यात घातला आणि पुण्याच्या बाकावर जीव आला. सात मिनिटे तो टिकला. ८९ व्या मिनिटाला छेत्रीची हॅटट्रिक पूर्ण झाली. ३-१.

त्या रात्री समोरासमोर उभ्या असलेल्या दोन संस्थांकडे पाहिले की बरेच कळते. बेंगळुरू एफसी २०१३ चा क्लब. पाच वर्षांत त्यांचे प्रशिक्षक दोनच : आधी ॲश्ले वेस्टवूड, नंतर आल्बेर्त रोका. छेत्री पहिल्या दिवसापासून तिथेच. पुण्याच्या बाजूला चार हंगामांतला चौथा प्रशिक्षक होता आणि पहिल्या हंगामाची आठवण सांगणारे मैदानावर जवळपास कुणीच नव्हते.

२०१८-१९ : उतरण

चांगल्या हंगामानंतर तरी घडी तशीच ठेवावी, अशी अपेक्षा होती. पोपोविच गेले. २०१८ च्या उन्हाळ्यात ब्राझीलचे मार्कोस पाकेता यांचे नाव जाहीर झाले. २००६ च्या विश्वचषकात सौदी अरेबियाचा संघ त्यांच्याकडे होता. काही आठवड्यांतच ते मायदेशी बोटाफोगो क्लबाकडे निघून गेले. पुण्यात एकही सामना न खेळवता गेलेला हा प्रशिक्षक. मग स्पेनचे मिगेल आंखेल पोर्तुगाल आले. आदल्या हंगामात ते दिल्ली डायनामोजकडे होते.

पोर्तुगाल यांना तीन सामने मिळाले. दिल्लीत बरोबरी, मुंबईकडून ०-२, बेंगळुरूकडून ०-३. ऑक्टोबर संपायच्या आत त्यांना नारळ मिळाला. क्लबाशी आधीपासून जोडलेल्या प्रद्युम रेड्डी यांनी हंगामी प्रशिक्षक म्हणून गाडा ओढला. डिसेंबरमध्ये इंग्लंडचे फिल ब्राउन आले. हल सिटी या क्लबाला त्याच्या इतिहासात प्रथमच, २००८ मध्ये, प्रीमियर लीगमध्ये नेणारे ते हेच. त्यांच्या काळात निकाल सुधारले, तरी संघ सातवाच राहिला. एकाच हंगामात खेळाडूंनी तीन माणसांच्या सूचना ऐकल्या. उन्हाळ्यातली पाकेतांची घोषणा वेगळीच.

समाप्ती आणि वारसा

वाधवान समूहाची मुख्य कंपनी डीएचएफएल याच काळात आर्थिक संकटात सापडली. २०१९ च्या उन्हाळ्यात क्लब बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसी या नव्या संस्थेला मिळाली. मार्सेलिन्यो, आदिल खान, निखिल पुजारी, साहिल पनवार असे अनेक खेळाडू हैदराबादला गेले. प्रशिक्षक म्हणून फिल ब्राउनही गेले आणि जानेवारी २०२० मध्ये तिथूनही त्यांना जावे लागले.

हैदराबादची सुरुवात म्हणजे पुण्याचीच पुढची पाने होती. पहिल्या हंगामात संघ तळाला राहिला. ब्राउन यांच्यानंतर नेमलेले रोका बार्सिलोनाला गेले. पण २०२० मध्ये मानोलो मार्केस आले आणि तीन हंगाम राहिले. तरुण भारतीय खेळाडूंवर भर ठेवून त्यांनी संघ घडवला. २० मार्च २०२२ ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर अंतिम सामना झाला. केरळा ब्लास्टर्स आघाडीवर असताना ८८ व्या मिनिटाला साहिल तवोराने बरोबरी साधली. पेनल्टींवर लक्ष्मीकांत कट्टीमनीने गोल राखला आणि हैदराबाद विजेता झाला. पुण्यातून गेलेला निखिल पुजारी त्या हंगामात संघात होता. पुण्याची जागा घेऊन आलेली संस्था तीन वर्षांत चषकापर्यंत पोहोचली.

प्रशिक्षकांची नामावली

२०१४ : फ्रँको कोलोम्बा, इटली. सहावा क्रमांक.
२०१५ : डेव्हिड प्लॅट, इंग्लंड. सातवा क्रमांक.
२०१६ : आंतोनिओ लोपेझ हाबास, स्पेन. सहावा क्रमांक.
२०१७-१८ : रान्को पोपोविच, सर्बिया. चौथा क्रमांक, उपांत्य फेरी.
२०१८-१९ : मिगेल आंखेल पोर्तुगाल, स्पेन, प्रद्युम रेड्डी, हंगामी, फिल ब्राउन, इंग्लंड. सातवा क्रमांक.

नामावली काय सांगते

ही यादी वाचून ‘प्रशिक्षक सारखे बदलले म्हणून क्लब बुडाला’ असे म्हणण्याचा मोह होतो. आमचे मत थोडे वेगळे आहे. यादीतली माणसे कच्ची नव्हती. हाबास पुण्याला येण्याआधी कोलकात्यात जिंकले होते आणि पुणे सोडल्यावर २०१९-२० मध्ये तिथेच पुन्हा जिंकले. शिवाय प्रशिक्षक बदलूनही जिंकता येते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे.

मुंबई सिटीची सुरुवातही पुण्यासारखीच होती. पीटर रीड, निकोला आनेल्का, आलेक्झांद्रे गिमाराइस, होर्खे कोस्ता असे चार प्रशिक्षक झाले आणि चषक एकही नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीचे मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबईचा ६५ टक्के हिस्सा घेतला. त्यानंतर सेर्खिओ लोबेरा आले, ते गेल्यावर डेस बकिंगहॅम, मग पेत्र क्रात्की. म्हणजे प्रशिक्षक बदलतच राहिले. पण लोबेरांच्या पहिल्याच हंगामात लीग शील्ड आणि चषक दोन्ही आले, बकिंगहॅम यांच्या काळात २०२२-२३ ची शील्ड आली आणि ४ मे २०२४ ला क्रात्कींच्या संघाने मोहन बागानला ३-१ असे हरवून पुन्हा चषक घेतला. बकिंगहॅम आणि क्रात्की दोघेही त्याच समूहाच्या मेलबर्न सिटीतून आले होते. चेंडू आपल्या गोलपासून बांधत न्यायचा आणि गमावला की तिथेच परत मिळवायला धावायचे, ही रीत आधी ठरली होती. ती चालवू शकेल असा माणूस नंतर शोधला गेला.

पुण्यात क्रम उलटा होता. आधी माणूस, मग त्याची रीत, मग त्या रीतीचे खेळाडू. माणूस गेला की तिन्ही गेले. खेळाचा वारसा सांभाळणारा कुणी जागेवर नव्हता. फुटबॉल संचालक किंवा अकादमीचा प्रमुख ते करू शकला असता. फार कशाला, संघात दहा वर्षे काढलेला एखादा कर्णधारही पुरला असता. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींच्या संघांतही प्रशिक्षक आणि खेळाडू बदलतात. पण तिथे पेठ बदलत नाही. मैदानाच्या कडेला बसलेली म्हातारी माणसे नव्या पोराला ‘आपल्या तालमीचा खेळ असा नाही’ असे सुनावतात. ते ऐकवणारे कुणी बालेवाडीत नव्हते.

माढ्याने यातून घ्यायचे ते

आपल्या तालुक्यात कुणी कोट्यवधीचा क्लब काढणार नाही. पण प्रशिक्षक बदलण्याचा प्रश्न पुण्यापेक्षा आपल्याकडे जास्त जुना आहे, कारण आपले प्रशिक्षक म्हणजे शाळेचे क्रीडाशिक्षक आणि त्यांची बदली होते. जिल्हा परिषदेची शाळा असो की मोठ्या संस्थेचे हायस्कूल, मुले सातवी-आठवीत सरांच्या हाताखाली तयार होतात आणि जूनमध्ये सर दुसऱ्या गावाला जातात. नव्या सरांचा जीव कबड्डीत किंवा खो-खोत असतो. १५ सप्टेंबर २०१७ ला ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ उपक्रमात राज्यभरच्या शाळांना फुटबॉल वाटले गेले आणि एकाच दिवशी लाखो मुले मैदानात उतरली. चेंडू आले. ते पायाशी कसे ठेवायचे हे सांगणारा माणूस मात्र प्रत्येक शाळेत टिकून राहणे शक्य नव्हते. सुब्रतो मुखर्जी चषकाच्या फेऱ्या ऐन पावसाळ्यात येतात, काळ्या मातीचे मैदान चिखलाने बसते आणि नवे सर नवी फळी उभी करतात. पुण्याची गोष्ट आपल्याकडे दरवर्षी जूनमध्ये घडते.

बदल्या आपण थांबवू शकत नाही. खेळ शाळेच्या नावावर ठेवणे आपल्या हातात आहे. त्यासाठी संपादक मंडळ तीन गोष्टी सुचवते. पहिली, प्रत्येक शाळेने आपला सराव एका वहीत लिहून ठेवावा. गोलरक्षक चेंडू कुणाला देतो, कॉर्नरला कोण कुठे उभे राहते, चेंडू गेल्यावर सगळ्यात आधी कोण धावते, एवढे लिहिले तरी पुरे. ती वही मुख्याध्यापकांच्या कपाटात राहावी आणि नव्या सरांना हजेरीपटाबरोबर मिळावी. दुसरी, चौदा आणि सतरा वर्षांखालचे संघ एकाच पद्धतीने खेळावेत, म्हणजे वर आलेल्या मुलाला नव्याने शिकावे लागणार नाही. तिसरी, दहावी-बारावी होऊन गावातच राहिलेल्या माजी खेळाडूंपैकी दोघांना आठवड्यातून एकदा सरावाला बोलवावे. मानधन नसले तरी ते येतील. त्यांचे काम शिकवण्याचे नाही. ‘आपण असे खेळतो’ हे नव्या सरांना आणि नव्या पोरांना सांगण्याचे आहे.

यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत. पुणे सिटीकडे पैसे होते आणि या तीन गोष्टी नव्हत्या. कुर्डुवाडी, टेंभुर्णी, मोडनिंब आणि माढ्याच्या शाळांनी येत्या जूनपासून वही सुरू केली, तर पुढच्या स्मरणिकेत आपल्याच एखाद्या संघाचा इतिहास छापता येईल, आणि त्यात प्रशिक्षकांची नामावली कितीही लांब असली तरी चालेल.